उपसलेला गाळ समुद्रात टाकण्यास परवानगी देताना काय तपासावे?

रायगड जिल्ह्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जवळच्या बंदराची जलवाहिनी खोल करण्यासाठी काढला जाणारा गाळ त्यांच्या डोलजाळ्यांच्या (भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्यांच्या) क्षेत्रापासून काही मैलांवर समुद्रात टाकण्याचा प्रस्ताव असून, पाण्याचे सर्व नमुने मर्यादेत असल्याचे प्रकल्पाच्या अहवालात म्हटले आहे. अशा वेळी परवानगी नेमकी कोण देते, हरकत कोणत्या मुद्द्यांवर घ्यावी आणि कोणत्या अटी मागाव्यात?

पाण्याचे नमुने मर्यादेत असणे हे गाळ निर्धोक असल्याचे प्रमाण नव्हे, हे सर्वप्रथम स्पष्ट केले पाहिजे. पारा, शिसे, तांबे, तेलातील जड संयुगे आणि जहाजांच्या तळाला पूर्वी लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिन हे पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते चिकणमातीच्या बारीक कणांना आणि त्यांतील सेंद्रिय द्रव्याला चिकटून तळाशी साठतात. वरचे पाणी स्वच्छ आणि खालचा गाळ दूषित अशी स्थिती बंदरांत नित्याचीच असते. आपल्याकडे किनारी पाण्याच्या दर्जाचे एसडब्ल्यू-1 ते एसडब्ल्यू-5 असे पाच वर्ग पर्यावरण संरक्षण कायद्याच्या नियमांत दिलेले आहेत आणि बंदराच्या पाण्याचा वर्ग त्यांत चौथा आहे. हे वर्ग पाण्याचे आहेत. गाळासाठी तितक्याच स्पष्ट आणि बंधनकारक मर्यादा नसल्यामुळे सल्लागार पाण्याचे कोष्टक पुढे करतात आणि गाळाचे कोष्टक परिशिष्टात जाते. म्हणून आपली पहिली मागणी गाळाच्या परीक्षणाचीच असावी. ते परीक्षण कसे झाले, यावर पुढचे जवळजवळ सर्व अवलंबून आहे.

तळावरचा मूठभर गाळ उचलणाऱ्या जबड्याने घेतलेले नमुने वाहिनी खोल करण्याच्या कामासाठी अपुरे असतात. वाहिनी तीन-चार मीटर खोल करायची असेल तर तितक्या खोलीपर्यंतचा उभा गाभा नळीने काढावा लागतो. मुंबई बंदराच्या परिसरात असा गाभा जहाजाच्या डेकवर उभा चिरला की सगळा इतिहास समोर येतो. वरचा भाग काळा, लिबलिबीत, कुजलेल्या अंड्यासारख्या वासाचा असतो आणि त्यात प्लास्टिकचे तुकडे सापडतात. त्याखाली राखाडी रंगाची घट्ट चिकणमाती आणि शिंपल्यांचे थर लागतात आणि काही ठिकाणी शेवटी झिजलेला काळा पाषाण, म्हणजे आपला मुरूम, येतो. ठाणे खाडीच्या काठी उद्योग वाढले त्या दशकांचे प्रदूषण जवळजवळ सारे त्या वरच्या काळ्या थरात असते. खालची माती त्या मानाने स्वच्छ असते आणि मुरूम भरावासाठी उपयोगी पडतो. या तिन्ही थरांचे मिश्रण करून एकच सरासरी आकडा काढला की वरच्या थरातील विष आकड्यात विरळ होते, प्रत्यक्षात मात्र ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारे जहाज, पहिल्या काही आठवड्यांत तोच थर उचलून समुद्रात नेते. म्हणून प्रत्येक गाभ्याचे थरनिहाय परीक्षण मागावे आणि वरच्या थराची विल्हेवाट वेगळी ठरवावी, असे लेखी म्हणावे.

नमुने किती असावेत, यावर आपल्याकडे वाद होतो. परंतु ईशान्य अटलांटिकसाठीच्या ऑस्पर कराराच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचा हिशेब दिलेला आहे आणि तो वापरण्यास हरकत नसावी. 25,000 घनमीटरपर्यंतच्या उपशासाठी 3 ठिकाणे, 1 लाख घनमीटरपर्यंत 4 ते 6, 5 लाखांपर्यंत 7 ते 15, 20 लाखांपर्यंत 16 ते 30 आणि त्यापुढे प्रत्येक 10 लाख घनमीटरमागे आणखी 10, असे ते प्रमाण आहे. आपल्या अहवालात कोटीभर घनमीटर गाळासाठी पाच-सहा नमुने दिसले, तर हरकतीचा तो एकच मुद्दा पुरेसा वजनदार आहे.

धातूंच्या बाबतीत कोकणापुरती एक विशेष काळजी घ्यावी लागते आणि ती बंदराच्या सल्लागारांनी व हरकत घेणाऱ्यांनी, दोघांनीही घेतली पाहिजे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक मूल्यांत तांब्याची खालची पातळी (जिच्याखाली जीवांना अपाय क्वचितच होतो) एक किलो गाळात 34 मिलिग्रॅम आणि वरची (जिच्यापुढे तो पुष्कळदा होतो) 270 मिलिग्रॅम आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येच तांबे निसर्गतः पुष्कळदा 100 मिलिग्रॅमच्या पुढे असते. त्यामुळे परदेशी कोष्टक जसेच्या तसे लावले तर कोकणातील निर्मळ खाडीचा गाळही दूषित ठरेल. उलट, ‘हे सगळे खडकातूनच आले’ असे म्हणून खरोखरीचे प्रदूषणही झाकता येईल. यावर उपाय म्हणजे प्रत्येक धातूचे, मुख्यतः खडकातूनच येणाऱ्या अॅल्युमिनियमशी असलेले गुणोत्तर काढून, ते गाभ्याच्या खोल, उद्योगपूर्व थरातील गुणोत्तराशी ताडून पाहणे. हे काम फारसे खर्चिक नाही. पारा आणि कॅडमियम यांच्याबाबत खडकाचा बचाव सहसा टिकत नाही, म्हणून ते आकडे आधी पाहावेत. जहाजांच्या रंगातील ट्रायब्युटिल टिनवर 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आली आणि तो करार 17 सप्टेंबर 2008 पासून अमलात आला. तरीही जहाजदुरुस्तीच्या धक्क्यांजवळच्या गाळात ते दीर्घकाळ टिकून राहते.

रासायनिक आकड्यांवर न थांबता जैविक चाचणीही मागावी. अमेरिकेच्या पद्धतीत तळात राहणारे लहान कवचधारी जीव दहा दिवस त्या गाळात ठेवून किती जगतात हे पाहतात आणि कृमी व शिंपल्यांना 28 दिवस त्यावर ठेवून त्यांच्या शरीरात काय साठले ते मोजतात. अशा चाचण्यांमुळे काय घडू शकते याचे उदाहरण न्यूयॉर्क बंदराचे आहे. त्या बंदराचा गाळ वर्षानुवर्षे जेथे टाकला जात होता ती जागा, डायऑक्सिनसह इतर प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आल्यानंतर, 1 सप्टेंबर 1997 रोजी बंद करण्यात आली आणि तेव्हापासून त्या तळावर तुलनेने स्वच्छ गाळाचा थर घालण्याचे काम हाती घेण्यात आले. तिसऱ्या-चौथ्या दशकात दुरुस्ती करण्यापेक्षा आधी चाचणी करणे किती स्वस्त पडते, हे त्यावरून दिसते.

आता टाकलेला गाळ कोठे जातो, याविषयी. हॉपरचे, म्हणजे ड्रेजरमधील गाळ साठवण्याच्या टाकीचे, तळाचे दरवाजे उघडले की गाळाचा मोठा लोट एकत्रच खाली कोसळतो, तळावर आपटतो आणि चहूकडे पसरतो; वरच्या पाण्यात मागे राहतो तो त्यातील थोडाच भाग. अहवालातील संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) बहुतेक वेळा या थोड्या भागाचाच माग काढतात आणि चार-सहा भरती-ओहोटींनंतर गढूळपणा पूर्ववत होतो, असा निष्कर्ष देतात. तो निष्कर्ष चुकीचा असतोच असे नाही, पण तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. खरा प्रश्न तळावर पसरलेल्या पातळ चिखलाचा आहे. बारीक वाळूचा कण वीस मीटर पाण्यातून पंधरा-वीस मिनिटांत तळाशी जातो. दोन मायक्रॉनचा सुटा चिकणकण निश्चल पाण्यातही दिवसाला सुमारे 30 सेंटीमीटरच खाली उतरतो. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून लवकर बसतात हे खरे, पण तितक्याच सहजपणे उठतातही. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत प्रवाह मंदावतो. म्हणजे भांगात बसलेला चिखल उधाणात उठतो, आणि जून-जुलैच्या लाटा तर उथळ तळ पार ढवळून काढतात. म्हणून प्रतिमान कोणत्या ऋतूचे आहे, त्यात लाटा धरल्या आहेत का, तळावरून पुन्हा उठणारा गाळ मोजला आहे का आणि गाळ टाकण्याचा पूर्ण कालावधी व त्यानंतरचा किमान एक पावसाळा त्यात आहे का, हे चार प्रश्न जनसुनावणीत विचारावेत. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी अभ्यास केला असेल तर पूर्ण अहवाल मागावा, त्यातील निष्कर्षाचे पान नव्हे. कारण या संस्था आपल्या गृहीतकांची नोंद अहवालात करतात आणि हरकतीचा खरा आधार तेथेच मिळतो. चुकीची जागा निवडल्यास बंदराचेही नुकसानच होते, कारण परतून वाहिनीत आलेला गाळ पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजून काढावा लागतो.

परवानगी कोण देते, हा आपला दुसरा प्रश्न. 1908 च्या भारतीय बंदर कायद्यातच बंदरात भार-दगड, कचरा किंवा उथळ जागा निर्माण करील अशी कोणतीही वस्तू टाकण्यास मनाई होती, परंतु तिचा हेतू नौकानयनाच्या सोयीपुरता होता. पर्यावरणाच्या दृष्टीने आज मुख्य आधार 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेचा आहे. तिच्या अनुसूचीतील 7(ई) या नोंदीत बंदरे, लाटरोधक बांध आणि गाळउपसा येतो. त्याचबरोबर 2019 च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ओहोटीरेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी किनारी क्षेत्राच्या चौथ्या वर्गात (हे वर्गीकरण वरच्या पाण्याच्या वर्गांहून वेगळे) मोडते आणि तेथील अशा कामासाठी महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस व केंद्रीय मंत्रालयाची मंजुरी लागते. या व्यवस्थेतील एका तरतुदीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. देखभालीचा, म्हणजे दरवर्षी साचणारा गाळ काढण्याचा उपसा जर मूळ प्रस्तावातच समाविष्ट असेल आणि त्यासाठी पर्यावरण व्यवस्थापन आराखडा करून मंजुरी घेतलेली असेल, तर त्याला पुन्हा वेगळी मंजुरी लागत नाही. याचा अर्थ असा की आज जी जागा एका प्रकल्पासाठी म्हणून दाखवली जात आहे, ती पुढची अनेक वर्षे दरवर्षी वापरली जाऊ शकते, आणि त्या प्रत्येक वर्षाचा निर्णय आजच होत आहे. देखभालीच्या गाळाचे वार्षिक प्रमाण, त्याचे ठरावीक वर्षांनी पुनर्परीक्षण आणि त्या जागेची कमाल क्षमता या गोष्टी मूळ मंजुरीतच लिहून घेतल्या नाहीत, तर नंतर दाद मागणे अवघड होते.

अमेरिकेच्या 1972 च्या कायद्यातील एक व्यवस्था मला अनुकरणीय वाटते. तेथे समुद्रात गाळ टाकण्याचा परवाना लष्कराचे अभियंता दल देते, पण निकष पर्यावरण संरक्षण संस्थेचे असतात आणि तिच्या संमतीविना परवाना निघत नाही. उपसा करणारा आणि उपशाची पारख करणारा यांच्यात अंतर राखण्याचा तो प्रयत्न आहे. आपल्याकडे गाळाचे परीक्षण करणाऱ्या सल्लागाराची नेमणूक आणि त्याचे देयक दोन्ही प्रकल्पकर्त्याच्या हाती असतात. निदान नमुने घेताना आपल्या संस्थेचा प्रतिनिधी उपस्थित राहील आणि प्रत्येक नमुन्याचा सीलबंद दुसरा भाग राखून ठेवला जाईल, एवढी अट तरी आग्रहाने मागावी.

गाळ समुद्रात टाकायलाच हवा का, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधीचा आहे. 1972 च्या लंडन कराराने समुद्रात काय टाकू नये याची यादी केली होती. 1996 च्या नयाचाराने (प्रोटोकॉलने) ती दिशा उलटी केली, म्हणजे यादीत नाव असेल तेवढेच, तेही परवान्यानेच, टाकता येते. उपसलेला गाळ त्या यादीत आहे, परंतु पुनर्वापराचा पर्याय तपासल्याशिवाय परवाना देऊ नये, अशी त्यामागची शिस्त आहे. मुंबईला हे नवीन नाही. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर 1914 ते 1918 या काळात बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. त्यानंतरच्या दशकात बॅकबेच्या भरावात मात्र उपसलेला चिखल समुद्रभिंतीतून वाहून जाऊ लागला आणि ते प्रकरण गाजले. मुरूम आणि वाळू भरावाला चालतात. मऊ चिखलाला पाणी निचरण्यासाठी वर्षे आणि भक्कम बांध लागतात. भराव हा पर्याय म्हणून सुचवताना तो तिवरांवर किंवा खाडीच्या मुखावर पडणार नाही, हेही पाहिले पाहिजे. उरण परिसरात बंदराच्या कामामुळे भरतीचे पाणी अडले आणि तिवरांची हानी झाली, या कारणास्तव राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला होता, हे आपल्या संस्थेला ठाऊक असेलच.

ऑस्ट्रेलियात अॅबट पॉइंट बंदराचा 30 लाख घनमीटरपर्यंत गाळ ग्रेट बॅरिअर रीफच्या सागरी उद्यानात टाकण्यास जानेवारी 2014 मध्ये परवानगी मिळाली होती. लोकांनी इतका विरोध केला की 2015 मध्ये नव्या उपशाचा गाळ त्या उद्यानात टाकण्यावरच बंदी आली. देखभालीचा गाळ मात्र त्या बंदीतून वगळला गेला. वर म्हटलेली पळवाट तेथेही राहिलीच. रॉटरडॅमने दुसरा मार्ग धरला. दूषित गाळासाठी 1980 च्या दशकात 15 कोटी घनमीटर क्षमतेचा बंदिस्त साठा बांधला आणि त्याच वेळी ऱ्हाईन नदीच्या वरच्या अंगाला प्रदूषण करणाऱ्या उद्योगांशी थेट वाटाघाटी केल्या, जेणेकरून पुढचा गाळ स्वच्छ यावा. ठाणे खाडीत आणि उल्हास नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा विचार बंदराच्या गाळाच्या मंजुरीत होत नाही, ही मला आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव वाटते.

अटींविषयी सांगायचे तर, ड्रेजरवर जे मोजता येईल तेच अटीत लिहावे. ‘पर्यावरणाची काळजी घेतली जाईल’ अशा वाक्यांचा काही उपयोग नाही. ड्रेजर तळावरून पंपाने गाळ-पाणी ओढतो, हॉपर भरत येतो तसे वरचे गढूळ पाणी बाहेर सांडू लागते आणि जहाजामागे तपकिरी पट्टा उमटतो. हॉपरमध्ये अधिक घट्ट गाळ बसावा म्हणून हे सांडणे लांबवले जाते. मऊ चिखलात मात्र त्याने फारसे काही साधत नाही, कारण सांडणाऱ्या पाण्यातच बराचसा चिखल परत जातो. म्हणून वरच्या दूषित थराच्या वेळी सांडणे पूर्ण बंद आणि इतर वेळी ठरावीक मिनिटांपुरते, अशी अट असावी. भरलेले जहाज नंतर टाकण्याच्या जागेकडे निघते. जागा दूर असेल तर प्रत्येक फेरीला इंधन आणि वेळ जातो, आणि कंत्राट गाळाच्या आकारमानावर असल्यामुळे फेरी लवकर उरकण्याचा मोह कोणत्याही कंत्राटदाराला होऊ शकतो. जहाजाचे स्थान, त्याची पाण्यातील बुड (ते पाण्यात किती खोल बुडाले आहे ते माप) आणि दरवाजे उघडल्याची वेळ या तीन नोंदी दर मिनिटाला आपोआप होत असतील तर लपवालपवीला वावच राहत नाही: बुड वाटेतच कमी होत गेली असेल तर दरवाजे गळत आहेत किंवा गाळ वाटेत टाकला आहे, हे आलेखावरून कोणालाही कळते. या नोंदी दर आठवड्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि त्याच वेळी आपल्या संस्थेकडेही याव्यात, असा आग्रह धरावा. त्यांच्या जोडीला दर पंधरवड्याला टाकण्याच्या जागेचे आणि तिच्या भोवतालचे खोलीमापन हवे. गाळाचे प्रमाण हॉपरमधील आणि मूळ तळातील, असे दोन्ही प्रकारे द्यायला लावावे, कारण पाणी मिसळल्यावर आकारमान फुगते आणि एकच आकडा दिला की हिशेब जुळवता येत नाही.

गढूळपणाची एकच स्थिर मर्यादा आपल्या समुद्राला लावू नये. येथील पाणी उधाणात निसर्गतःच इतके गढूळ असते की अशी मर्यादा एक तर रोज मोडेल किंवा कधीच मोडणार नाही. कामाच्या प्रभावाबाहेरचे एक संदर्भ ठिकाण ठरवून, त्याच भरतीच्या त्याच प्रहरी तेथे असलेल्या गढूळपणाशी तुलना करावी आणि ठरावीक फरक ओलांडला की काम थांबवण्याची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी नव्हे पण पदानिशी लिहावे. हंगामाबाबत, पावसाळा सरल्यावरचे पहिले महिने डोलीला जवळा आणि बोंबील यांच्यासाठी महत्त्वाचे असतात, आणि देखभालीचा उपसाही नेमका तेव्हाच सुरू होतो. त्या काळात टाकण्याच्या जागेची विभागणी करून आपल्या बाजूचा भाग वापरू नये, अशी मागणी रास्त आहे.

एक काम आपण स्वतः आजपासून करावे. प्रत्येक डोलीची रोजची मासळी, जातीनिहाय, जागेसह आणि जाळ्यात चिखल भरला असल्यास त्याच्या नोंदीसह एका वहीत लिहून ठेवावी आणि तिच्यावर संस्थेचा शिक्का व तारीख असावी. काम सुरू होण्यापूर्वीच्या एका पूर्ण वर्षाची अशी नोंद असेल तर नुकसानीचा दावा मोजता येतो; नसेल तर प्रकल्पकर्त्याने चार दिवसांच्या सर्वेक्षणातून काढलेला आकडाच ग्राह्य धरला जातो.

शेवटी मुदतींविषयी. जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करावा लागतो. तो मिळाला नसेल तर तसे सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. सुनावणी वगळली गेली तर काय होते, याचे उदाहरण गोव्याचे आहे: मुरगाव बंदराची वाहिनी खोल करण्याच्या प्रकल्पाला जनसुनावणीविना दिलेली मंजुरी हरित लवादाने 2016 मध्ये रद्द केली. मंजुरी मिळाल्यानंतर प्रकल्पकर्त्याने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल सादर करायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. वरील प्रत्येक अट त्यात एक-एक करून ताडून पाहावी. मंजुरीविरुद्ध लवादाकडे अपील करण्याची मुदत आदेश कळल्यापासून 30 दिवसांची असते. पुरेसे कारण दिल्यास लवाद ती आणखी कमाल 60 दिवसांनी वाढवू शकतो, त्यापुढे नाही. आदेशाची प्रत हाती येताच वकिलांना गाळाचे थरनिहाय कोष्टक, नमुन्यांच्या जागांचा नकाशा आणि प्रतिमानाच्या गृहीतकांचे पान, हे तीन कागद आधी द्यावेत.